सहकुटुंब अलिबागला जाताना

दिवाळीची सुट्टी जवळ आली, किंवा संक्रांतीनंतर आपल्या गड्ड्याची जत्रा आटोपली, की पुष्कळ घरांत एक बेत शिजू लागतो. पोरं म्हणतात, आम्हांला समुद्र बघायचा. आजी म्हणते, मलाही एकदा दाखवा. घरातला कर्ता माणूस मग खर्चाचा अंदाज काढतो, एस.टी.चं वेळापत्रक बघतो, पाहुण्यारावळ्यांना विचारतो, आणि अलिबागचं नाव निघतं. शाळांच्या सहलीचंही असंच असतं. नाव चांगलं आहे. पोहता येण्याजोगा किनारा आहे, कान्होजी आंग्र्यांची राजधानी आहे, आणि भर समुद्रात कुलाब्याचा किल्ला आहे. त्या किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी चालत जाता येतं.

या शेवटच्या वाक्यासाठीच आजचं हे भाषण आहे. पायी चालत जाता येतं खरं, पण केव्हाही नाही. आपण गाडीची वेळ बघतो, सुट्टीचा वार बघतो, लॉजमध्ये खोली मिळते का ते बघतो. समुद्राची वेळ मात्र बघत नाही. गाडी चुकली तर दुसरी मिळते. समुद्राची वेळ चुकली तर एक तर किल्ला दुरूनच बघून परतावं लागतं, नाहीतर पोराबाळांसकट पाण्यात अडकण्याची पाळी येते. किनाऱ्यावर बुडून मरण पावलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत देशावरची माणसं पुष्कळदा असतात. ती बेफिकीर असतात असं नव्हे. त्यांना समुद्राचं पाणी ठाऊक नसतं, एवढंच.

आपलं पाणी कसं? सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी सकाळी जिथं, तिथंच संध्याकाळी. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं, पण त्याला महिने लागतात. भीमेला पूर येतो, तोही वर पाऊस झाल्याची किंवा धरणातून पाणी सोडल्याची वर्दी देऊन. समुद्राचं पाणी मात्र आभाळ निरभ्र असताना, काही गाजावाजा न करता, सहा तासांत चढतं आणि सहा तासांत उतरतं. अलिबागच्या बाजूला उधाणाच्या दिवशी या चढउतारातला फरक साडेतीन-चार मीटरांचा असतो. म्हणजे सकाळी जिथं तुम्ही कोरड्या वाळूवर उभे होता, तिथं दुपारी दोन पुरुष पाणी असू शकतं.

हे असं का होतं, ते गुरुजींनी मुलांना निघण्याआधीच सांगावं. चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. त्याच्या समोरच्या बाजूचं पाणी त्याला जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं आणि तिथं फुगवटा येतो. पलीकडच्या बाजूचं पाणी चंद्रापासून दूर. त्या पाण्यापेक्षा पृथ्वीच जास्त ओढली जाते, पाणी मागं राहतं, आणि तिथंही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपला किनारा दिवसातून दोनदा फुगवट्याखाली येतो. म्हणून भरत्या दोन, आणि त्यांच्या मधल्या ओहोट्याही दोन.

पण रोजची भरती ठरल्या वेळेला का येत नाही? याला घड्याळाचा दाखला द्यावा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. मिनिटकाटा एका तासात फिरून परत बारावर येतो, पण तोवर तासकाटा एकावर सरकलेला असतो. त्याला गाठायला मिनिटकाट्याला आणखी पाच मिनिटं लागतात. तसंच पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा करते, तोवर चंद्र पुढं सरकलेला असतो. त्याला गाठायला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून आज तीनला भरती असली तर उद्या ती पावणेचारच्या सुमाराला येणार.

आता यात सूर्यही आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एक होते आणि मोठी भरती येते. तिला उधाणाची भरती म्हणतात. त्या दिवसांत ओहोटीही खूप आत जाते. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात होते, म्हणून भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. तिला भांगाची भरती म्हणतात.

इथं आपल्या जुन्या पिढीचं एक शहाणपण कामी येतं. तिथी ही चंद्राचीच मोजणी आहे. आणि भरती चंद्राची. तेव्हा पंचांगातून भरतीची वेळ निघायला हवी, आणि ती निघते. कोकणातला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली आहे त्यांना हे तोंडी जमेल. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वा अकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. भरतीच्या वेळेत सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटी पुरी झाल्याची वेळ मिळते.

तुम्ही म्हणाल, तिथी तर कधी दिवसाच्या मध्येच बदलते, मग कोणती धरावी? सूर्योदयाची धरा. आणि हा हिशेब घड्याळाच्या काट्यासारखा बिनचूक नाही, हे ध्यानात ठेवा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अलिबागहून खूप दक्षिणेकडे, मालवण-गोव्याच्या बाजूला, भरती याहून थोडी आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी असतो. आता भरती-ओहोटीची छापील कोष्टकं मिळतात, मोबाईलवरही बघता येतात. ती जरूर बघावी. पण सोलापुरात बसून, महिनाभर आधी बेत ठरवायला पाऊणकी पुरते.

आता ती लावून बघू. किल्ल्यावर जायचं तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पाणी पुरतं उतरलेलं हवं, उजेड हवा, आणि ऊन तापायच्या आत परतता आलं पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप उतरतं, पण ओहोटीची वेळ येते पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळीही त्याच सुमाराला. लेकरांना घेऊन अंधारात जाण्यात अर्थ नाही. अष्टमीला ओहोटी येते भर बाराला, आणि भांगामुळे पाणी पुरतं उतरतही नाही. मग मधल्या तिथ्या उरल्या. तृतीयेला ओहोटी साधारण साडेआठला, चतुर्थीला नवाच्या पुढं, पंचमीला दहाच्या सुमाराला. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, म्हणून पाणीही बरंच आत जातं. घरच्या मंडळींसाठी या तीन तिथ्या सोन्यासारख्या. पहाटे उठण्याची सवय असेल तर द्वितीयाही चालेल.

मात्र या तिथीला रविवार यायला हवा. पंधरा तिथ्यांत तीन, म्हणजे सरासरीने पाच रविवारांत एक जुळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत तीन-चार रविवार सहज मिळतील. आधी कॅलेंडरवर त्यांना खूण करावी, मग खोली सांगावी आणि गाडीचं तिकीट काढावं.

जाण्याच्या वाटा दोन. एक रस्त्याची. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, आणि पुढं लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ करत अलिबाग. सारा मिळून चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. दुसरी वाट मुंबईची. रात्री सोलापुरात रेल्वेत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, आणि गेटवे ऑफ इंडियापासून लाँचनं मांडव्याला जायचं. तासाभराचा जलप्रवास घडतो आणि पोरं खूश होतात. मांडव्याहून अलिबागला बस असते, आणि तिचं भाडं बहुधा लाँचच्या तिकिटातच धरलेलं असतं. पावसाळ्यात या लाँचा बंद राहतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाड्या घेऊन जाणारी मोठी बोटही मांडव्याला जाते.

शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवारी दुपारपर्यंत अलिबागला पोचाल. त्या दिवशी किल्ल्याची घाई करू नये. प्रवासानं शिणलेलं माणूस ओल्या खडकावर घसरतं. थोडी विश्रांती घेऊन गावात हिंडावं. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले, त्यांची समाधी गावातच आहे. जवळच १७२० साली बांधलेला हिराकोट आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायल मंडळींचं प्रार्थनामंदिर आहे. हे लोक ज्यू धर्माचे, पण घरात मराठी बोलणारे. आपल्या पूर्वजांचं गलबत इथून जवळच नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि वाचलेली माणसं इथंच राहिली, असं त्यांची परंपरा सांगते. अली नावाच्या एका श्रीमंत ज्यू गृहस्थाच्या बागांवरून गावाला अलिबाग नाव पडलं, असंही सांगतात.

शिक्षकांसाठी आणखी एक ठिकाण. अलिबागला पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप करणारी वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या प्रवाहानं नाजूक मोजमापात घोटाळा होणार, म्हणून १९०४ साली ती इथं आणली. सहल नेणार असाल तर आधी पत्र लिहून परवानगी मागावी.

शनिवारी संध्याकाळी एक काम मात्र विसरू नये. किनाऱ्यावर जाऊन तिथल्या कोळी माणसाला किंवा घोडागाडीवाल्याला विचारावं, ‘दादा, उद्या ओहोटी किती वाजता? किल्ल्यात जायला केव्हा निघावं, आणि परत केव्हा फिरावं?’ तुमची पाऊणकी, छापील कोष्टक आणि त्याचं उत्तर जुळलं की निर्धास्त व्हावं. जुळलं नाही तर त्याचं ऐकावं.

असं विचारण्यात कमीपणा नाही. दोन हजार वर्षांमागं ग्रीक भाषा बोलणारा एक व्यापारी इजिप्तहून आपल्या किनाऱ्याला आला होता. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी फारशी जाणवत नाही. तिथल्या जुन्या बंदरांत पाणी आपल्या तळ्यासारखं जागच्या जागी. त्यामुळे भडोचच्या खाडीत शिरताना भरतीचा लोंढा बघून तो थक्क झाला. आपल्या टिपणात त्यानं तिचं लांबलचक वर्णन करून ठेवलं आहे. परक्या जहाजांना आत आणायला राजाच्या चाकरीतले तिथले मच्छीमार होड्या घेऊन पुढं येत, हेही त्यानं लिहिलं आहे. त्याच टिपणात आपल्या शेजारचं गाव आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेव्हाचं तगर. तिथला माल गाड्यांतून भडोचला जाई असं तो सांगतो. म्हणजे आपल्या मुलखाचा समुद्राशी संबंध जुना आहे. आणि ज्याला भरती ठाऊक नव्हती त्या दर्यावर्दी माणसानंही तिथल्या कोळ्याचं ऐकलं, तर आपण का ऐकू नये?

आता रविवारची सकाळ. समजा चतुर्थी आहे आणि ओहोटी सव्वानऊची. तर आठ-सव्वाआठला, पाणी अजून उतरतं असतानाच, वाळूवर पाऊल टाकावं. पाणी उतरत असताना जावं आणि चढू लागताच परतावं, हा मुख्य नियम. दहा वाजले, की किल्ल्यात काय बघायचं राहिलं याचा विचार न करता दरवाज्याबाहेर पडावं. घड्याळ एका मोठ्या माणसाकडे सोपवावं आणि त्याचं सगळ्यांनी ऐकावं.

धोका कुठं आहे तेही समजून घ्या. भरतीचं पाणी एका रेषेत समोरून येत नाही. वाळू सगळीकडे सारखी नसते, मध्ये सखल घळी असतात. पाणी आधी त्या घळींतून बाजूनं आत शिरतं. तुम्ही उंच वाळूवर कोरडे उभे असता आणि तुमच्यामागं, किनाऱ्याच्या बाजूला, कमरेइतकं पाणी भरलेलं असतं. तेव्हा किल्ल्यात उशीर झालाच तर पाण्यातून धावत सुटू नये. किल्ल्याच्या आतली जमीन भरतीतही कोरडी असते. तिथं थांबावं. समुद्र शांत असला तर होडी मिळते. नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघावी. बरेच तास गेले तरी माणसं सुखरूप राहतात.

आजीचे गुडघे दुखत असतील तर ओहोटीत किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात. बाकीच्यांनी पायांत पट्ट्याच्या चपला घालाव्यात. खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा सुरीसारख्या लागतात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिकीट काढावं लागतं.

आत गेल्यावर मुलांना तटाचे दगड दाखवा. समुद्राकडच्या तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली, आपल्या अखेरच्या दिवसांत, हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढं कान्होजींचं आरमार इथून हाललं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून किल्ल्यावर चालून आले, आणि हात हलवत परत गेले. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आत आहे. चहूबाजूंना खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. आपल्या मुलांना पाण्याची किंमत ठाऊक आहे. ती विहीर बघून त्यांना जे वाटेल, ते मुंबईच्या मुलांना वाटणार नाही.

आणि ही जागा महाराजांनी का निवडली, तेही आता तुम्हांला सांगता येईल. दिवसातून दोनदा ही जमीन आहे आणि दोनदा बेट. शत्रूला इथं फौज घेऊन उभं राहायचं तर घड्याळ समुद्राचं चालतं. ज्याला भरतीची वेळ माहीत, किल्ला त्याचा.

दुपारी ऊन उतरल्यावर दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरांवर चौल-रेवदंडा गाठावं. चौल हे फार जुनं बंदर. अफनासी निकितिन नावाचा रशियन प्रवासी १४६९ च्या सुमाराला इथं उतरला आणि इथूनच जुन्नर, बिदरकडे, म्हणजे आपल्या देशावर आला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. पोर्तुगीजांच्या कोटाचा तट आणि पडक्या प्रार्थनामंदिराचा उंच मनोराही तिथं उभा आहे. १७४० साली हा कोट मराठ्यांकडे आला. चौलचं रामेश्वराचं देऊळ आजीला आवडेल.

चार बारीकसारीक गोष्टी सांगतो. कोकणात आपल्यासारखं कोरडं ऊन नसतं. हवेत दमटपणा, त्यामुळे घाम वाळत नाही आणि माणूस लवकर गळून जातं. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालून अधूनमधून पीत राहावं. शिदोरीला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी, पण भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर दमट हवेनं मऊ पडते. तिथलं जेवण भात, मासे आणि सोलकढीचं. घरात माळकरी किंवा शाकाहारी मंडळी असतील तर खोली ठरवतानाच तसं सांगून ठेवावं. समुद्रात डुंबायचं तर गुडघाभर पाण्यात, पाणी ओसरत असताना नाही, कारण ते आत ओढतं. जीवरक्षक हटकेल तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. सहलीला जायच्या पंधरा दिवस आधी वर्गात फळ्यावर पंचांगातली रोजची तिथी लिहावी आणि मुलांकडून पाऊणकीनं भरतीची वेळ काढून घ्यावी. रात्री चंद्र केवढा दिसला तेही शेजारी लिहावं. मग अलिबागच्या वाळूवर उभं राहून मुलं घड्याळ बघतील आणि आपला हिशेब खरा झाला का ते डोळ्यांनी पडताळतील. ज्यांना सहलीला जाणं परवडणार नाही अशी मुलंही वर्गात असतात. हिशेबात तीही बरोबरीची राहतील, आणि पुढं कधी समुद्राला गेली तर तेव्हा त्यांना हे उपयोगी पडेल.

तेव्हा मंडळी, बेत आखायचा तो कॅलेंडर, पंचांग आणि पाऊणकी घेऊन बसा. जायच्या आदल्या संध्याकाळी कोळीदादाला विचारा. पाणी उतरताना जा, चढताना परता. आजीला समुद्र दाखवा आणि सगळे सुखरूप घरी या. रामराम.